तीनदा लावलेला शेवट

जया परब एकसष्ट वर्षांची झाली तरी तिनं बापाचा सिनेमा पाहिला नव्हता. बाप, दादू, कापडगिरणीत साच्यावर, विणायच्या मागावर, कामाला होता. जत्रेच्या दिवसांत रजा काढून गावी जायचा आणि दशावतारात राक्षस व्हायचा. ते पाहून कुणीतरी त्याला एका काळ्या-पांढऱ्या सिनेमात राक्षस म्हणून उभं केलं. मढच्या बंगल्यात, शूटिंगच्या शेवटच्या दिवशी, दादू जळून मेला. शूटिंग आटपल्यावर दारू पिऊन शेकोटीत पडला, असं सिनेमावाल्यांनी घरी येऊन सांगितलं आणि त्याच्या बायकोनं, द्रौपदीनं, ते मानलं. पितृपक्षात त्याच्या नावाचं पान कधी वाढलं गेलं नाही.

तेव्हा जया चार वर्षांची होती. पुढे ती आईच्या तोंडून एकच वाक्य ऐकत वाढली. "दारू पिऊन जळलो तुझो बापूस. तू त्येचीच." तिला दोन स्थळं आली, दोन्ही मोडली. द्रौपदीनं पाहुण्यांना चहाबरोबर हे वाक्यही दिलं होतं.

आता दिंडोशीच्या खोलीत दोघीच. जया पोळीभाजीचे डबे करते. द्रौपदीचे डोळे गेलेत, तोंड शाबूत आहे.

कांदिवलीतल्या एका फिल्म क्लबनं तो सिनेमा लावला, तेव्हा जया रविवारी सकाळी डबे बंद ठेवून गेली. तिला एवढंच बघायचं होतं, की त्या दिवशी बाप प्यायला होता का.

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. राक्षस पडद्यावर आला तो दशावतारी पावलं टाकत. शेवटी गावकरी मशाली घेऊन धावले आणि एक मशाल त्याच्या केसाळ अंगाला लागली. पेटल्यावरही तो चार पावलं ठेक्यात चालला. पिऊन अशी पावलं पडत नाहीत, हे जयाला कुणी सांगायची गरज नव्हती. मग त्याचे दोन्ही हात पाठीकडे गेले आणि बोटं तिथं काहीतरी चाचपू लागली. कॅमेरा जागचा हलला नाही.

क्लबच्या सुयोगनं चित्र थांबवलं. "हे बघा. मरताना पाठ खाजवणारं जनावर. आजच्या कुठल्या नटाला सुचेल हे?"

"झकास यार," मागून कुणीतरी म्हणालं. "परत लाव ना."

त्यानं तीनदा लावलं. तिसऱ्यांदा टाळ्या पडल्या.

जया घरी आली तेव्हा द्रौपदी वाटच बघत होती. "बघलंस मा? झोकांडे खाय होतो मा?"

"प्यायला नव्हता. शूटिंग चालू होतं. कॅमेऱ्यासमोर जळला."

"शेकोटीत पडलो मा?" द्रौपदी म्हणाली.

"आई, त्याचा तो केसाळ पोशाख कुणी शिवला होता गं?"

"मियाच. तागाचो." म्हातारीच्या आवाजात अजून थोडा तोरा होता. "पुढसून शिवण दिसा नये म्हणान नाड्यो पाठीक घातलंय. त्येचो हात पोचत नाय होतो..."



"त्याच शोधत होता," जया म्हणाली.

द्रौपदीनं विचारलं, "गावल्यो?"

"नाही."

"पुरे गो बाय."

जयानं स्टूल ओढून तिच्यासमोर घेतलं, तिचे कानांकडे गेलेले हात धरून खाली मांडीवर ठेवले आणि पहिल्या मशालीपासून सांगायला सुरुवात केली.