दादाच्या भाकरीतला भुईकोहळा

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी औषधी मुळ्या तपासते. कुठल्या मुळीत कोणता घटक किती, एवढं सांगायचं काम. एकदा कुडझू नावाच्या परदेशी वेलीचं मूळ आलं. त्यातल्या प्युएरारिन या घटकानं दारूची तलफ कमी होते, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. तो कागद मी दोनदा वाचला.

माझा थोरला भाऊ पितो. वहिनी माहेरी निघून गेल्यापासून दादा रोज संध्याकाळी माझ्याकडं जेवायला यायचा. त्याच्या पोटात दिवसभरात तेवढंच अन्न जायचं.

कारखान्यातलं मूळ घरी आणणं शक्य नव्हतं. पण त्या वेलीचा चुलत भाऊ आपल्या डोंगरात उगवतो, भुईकोहळा. पिशोरच्या बाजारात त्याच्या वाळक्या चकत्या मिळाल्या.

"घरात बाळंतीण हाय व्हय?" विकणाऱ्या मावशीनं विचारलं. दूध यावं म्हणून लोक तो बाळंतिणीला देतात. मी हो म्हणाले.

"दुधातून द्या. लई गुण येतो."

मी तो दळून दादाच्या भाकरीच्या पिठात मिसळू लागले. वेलीच्या या चुलत भावाच्या अंगी तोच गुण असेल का, हे तपासायचं मला सुचलं नाही. एरवी चिमूटभर भुकटीसाठी चार कागद भरणारी मी! आणि सांगितलं तर दादा घेणार नाही, असं मनाशी घोकत राहिले. खरं तर मी त्याला विचारलंच नव्हतं.

पिणं काडीचंही कमी झालं नाही. भाकरी जरा कडसर लागते, एवढंच तो एकदा म्हणाला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बिनचिठ्ठीची बरणी ठेवायची नाही, ही माझी प्रयोगशाळेतली सवय. एका संध्याकाळी दादा मीठ शोधायला फळीकडं गेला आणि एक बरणी हातात घेऊन वाचू लागला. बरणीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: भुईकोहळा. दादासाठी. रोज एक चमचा.

त्यानं बरणी जागेवर ठेवली. ताटात भाकरी वाढलेली होती.

"दादा, तुझ्या भल्यासाठीच..."

"दुकानवाला बरा," तो शांतपणे म्हणाला. "काय ओततो ते दाखवून तरी ओततो."

हात धुऊन तो निघाला. दारू सुटली नाही, माझ्याकडचं जेवण मात्र सुटलं.

परवा भर उन्हात दारी आला होता, वहिनीचा नवा नंबर विचारायला. ओठ सुकलेले. मी तांब्या पुढं केला. त्यानं आधी पाण्यात वाकून पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तांब्या तसाच परत दिला.