डॉक्टर तोंड का झाकत

पेशंटला प्रश्न विचारण्याआधी डॉक्टर तोंडासमोर केसपेपर धरत. कागदाच्या वर दोन डोळे, आणि कागदामागून हळू आवाज. महाल भागातल्या त्यांच्या कानाच्या दवाखान्यात तुमच्यापैकी कोणी गेलं असेल, तर हे पाहिलंच असेल. त्याचं जे कारण तुमच्या कानावर आलं असेल, ते मात्र खोटं आहे. ते मीच पसरवलं.

माझी सगळी नोकरी लकडगंजात लाकडं चिरायच्या आरा मशीनवर गेली. कान कधी गेले ते कळलं नाही, कळून घ्यायचंही नव्हतं. समोरच्याचे ओठ बघायचे आणि मान डोलवायची, यावर माझं छान चाललं होतं. मग एक कान ठणकू लागला. मी तो स्कूटरच्या चाबीनं कोरला आणि वर लसणाचं गरम तेल ओतलं. कान टमाटरासारखा झाला, तेव्हा बायको ओढतच घेऊन गेली.

डॉक्टरांनी दिवा लावून आत पाहिलं.

"भाऊ, कान आहे का कढई? तुम्ही त फोडणीच दिली."

त्यांनी कान साफ केला, औषधात भिजवलेली कापसाची वात हलकेच आत बसवली. मग कागद तोंडासमोर धरून काहीतरी म्हणाले.

"हो, हो," मी म्हणालो.

पुन्हा काहीतरी.

"बरोबर आहे."

बायको टेबल धरून हसू लागली. डॉक्टरांनी कागद खाली घेतला.

"पहिले म्या विचारलं, घर माझ्या नावानं करून देता का. मग म्हटलं, उद्याच जाऊ रजिस्ट्रीले." मग गंभीर झाले. "सूज उतरंल, भाऊ. पण ऐकणं सुजीनं नाही गेलं, त्या आऱ्याच्या आवाजानं गेलं. ते परत नाही येत. यंत्र लावा. वहिनी घरी भिंतीशी बोलून राहिल्या."

"भिंत बरी," बायको म्हणाली, "खोटं 'हो' त नाही म्हणत." आता ती हसत नव्हती.

बाहेर पानठेलेवाल्यानं विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

अपमान ताजा होता. "तो काय म्हणंल? दात सडले त्याचे. म्हणून तोंड झाकते."

झालं. पेशंट डॉक्टरांना लवंगा आणून देऊ लागले. पारशिवनीच्या एका बाईनं दातणासाठी बाभळीच्या काड्यांची मोळीच आणली. डॉक्टर सगळं ठेवून घेत.

एकदा त्यांनी मलाच विचारलं, "भाऊ, मी कानाचा डॉक्टर. लोक मले लवंगा काहून देते?"

तोवर मी यंत्र लावू लागलो होतो. शब्द न् शब्द ऐकू आला.

"ऐकू नाही आलं," मी म्हणालो.

त्यांनी लगेच माझं यंत्र काढून घेतलं, पुसलं, सेल बदलला आणि स्वतःच्या हातानं परत लावून दिलं. प्रश्न मात्र पुन्हा विचारला नाही.

यंदा डॉक्टर गेले. शोकसभेत एक वक्ते म्हणाले, "दातांचं एवढं दुखणं असून त्यांनी एकही पेशंट परत पाठवला नाही." लोकांनी माना डोलवल्या. मला बसवेना. उठलो आणि सगळं सांगितलं. ओठ वाचून फसवणारे माझ्यासारखे पकडले जावेत म्हणून कागद होता, आणि दातांची गोष्ट माझ्या मनची होती.

पुढच्या रांगेतून डॉक्टरांच्या पत्नी मागे वळल्या.

"दात? मागच्या संक्रांतीले दातानं ऊस सोलून खाल्ला त्यायनं."

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळी सभा. हसता हसता सगळ्यांच्या नजरा हार घातलेल्या फोटोकडे गेल्या. खात्री करून घ्यायची सोय नव्हती. फोटोत डॉक्टरांनी तोंड घट्ट मिटलेलं होतं.