घोडे दाभोळला उतरले

पौषात तुरीच्या शेंगा वाळतात आणि वारा सुटला की सगळं रान खुळखुळतं. आमचे हे ओट्यावर बसून तो आवाज ऐकतात आणि म्हणतात, लाट मागे सरताना किनाऱ्यावरचे गोटे असेच वाजतात. वाजत असतील. मी समुद्र पाहिलेला नाही आणि त्याचं मला दुःखही नाही. बिदरकडच्या निर्ण्याच्या बाजूला आमचं गाव. कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र लांबच. अशा गावचा माणूस नौदलात जातो, आणि नोकरी संपवून आल्यावर तुरीच्या रानाकडे तोंड करून जहाजांचा इतिहास लिहीत बसतो, याला काय म्हणावं?

लिहिण्याची खोड त्यांना जहाजावरच लागली. त्यांची पत्रं यायची ती बंदरांनी भरलेली. हे बंदर कुणी बांधलं, इथे पूर्वी कुठली गलबतं लागायची, काय माल उतरायचा. घरी कधी येणार ते शेवटच्या ओळीत. मी चौथी शिकलेली, म्हणून कुणाकडून वाचून घ्यावं लागलं नाही. मी शेवटची ओळ आधी वाचायची आणि बाकीचं सवडीनं. माणूस लांब असला की त्याची बंदरंसुद्धा आपल्याला सांभाळावी लागतात. तेव्हा मला त्याचा राग होता. आता राग नाही, सवय आहे.

त्यांच्या पुस्तकाचा विषय मात्र मला पटला. बिदरच्या सुलतानांसाठी अरबस्तानातून घोडे जहाजानं यायचे, दाभोळला उतरायचे आणि घाट चढून इकडे यायचे. म्हणजे आमच्या या कोरड्या मुलखाचाही समुद्राशी संबंध होता तर! बारा वर्षं त्यांनी कागद जमवले. आणि लिहायला हात बसला तेव्हा डोळे गेले. काचबिंदू. उजेड-अंधार कळतो, अक्षर दिसत नाही.

मग लिहायला मी बसले. दुपारी जेवणं झाली की ते सांगायचे आणि मी उतरून घ्यायची. माझं अक्षर मोठं, ओळ वर चढणारी. धाकटी जाऊ दारातून डोकावून म्हणाली, "अक्का, ह्या वयात परीक्षेला बसायलाव का?" पास झाले तर पेढे देईन म्हटलं.

चूक इथेच झाली. एका दुपारी त्यांनी सांगितलं, घोडे दाभोळला उतरले, तिथून घाट चढून बिदरला आले. मी लिहिलं, आणि त्या दोन वाक्यांमधला पूर्णविराम मला काही सहन झाला नाही. हुमनाबादच्या बाजारातून आम्ही एकदा म्हैस आणली होती, टेम्पोत उभी करून, अर्ध्या दिवसाची वाट. उतरल्यावर दोन दिवस तिचे पाय थरथरत होते आणि पेंडीला तिनं तोंड लावलं नाही. मग इतके दिवस हलत्या जहाजात उभं राहिलेलं जनावर उतरल्याबरोबर घाट कसा चढेल? ते आत पाणी प्यायला गेले तेवढ्यात मी मधे चार ओळी घातल्या. घोडे आठ दिवस वाळूवर थांबले, त्यांना आधी हिरवा चारा दिला, दाणा दिला नाही, असं काहीबाही. त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? ते नको म्हणतील हे मला माहीत होतं, म्हणून.

वह्या भरल्या. कडगंचीच्या विद्यापीठातले एक प्राध्यापक येऊन त्यांच्या प्रती करून घेऊन गेले. पुस्तक छापायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. महिन्यानं त्यांचा फोन आला. नंबर यांना दिसत नाहीत म्हणून फोन माझ्याकडेच असतो. प्राध्यापक म्हणाले, सगळं उत्तम आहे, त्यातही घोड्यांच्या विश्रांतीच्या चार ओळी फार चांगल्या. फक्त हे कुठल्या कागदात सापडलं तेवढं विचारून ठेवा, मग छापायला देतो.

हे ओट्यावर होते. त्यांनी ऐकलं नव्हतं. त्या ओळी गाळा, कागद कुठला ते म्हातारपणी विसरले असतील, एवढं मी प्राध्यापकांना म्हटलं असतं तरी विषय संपला असता. यांना जन्मात कळलं नसतं. पण बारा वर्षं ज्यानं कागदाशिवाय एक वाक्य लिहिलं नाही, त्याच्या नावावर माझी थाप बसली होती. दोन दिवस मी नीट जेवले नाही. माणसाला दिसत नाही म्हणजे आपण काहीही लिहावं का?

तिसऱ्या दिवशी यांना सांगितलं. त्यांनी त्या ओळी वाचायला लावल्या. मी वाचल्या.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"म्हशीनं."

ते हसले नाहीत. पुन्हा वाचायला लावल्या. मी म्हटलं, पान फाडून नवं लिहिते. त्यावर ते चिडले. जहाजाच्या नोंदवहीतलं पान कधी फाडत नाहीत, चुकीचं खोडून काळंही करत नाहीत. "एक सरळ रेघ मार. खालचं वाचता आलं पायजे. आन् बाजूला सही कर."

"तुमची कशी करू?"

"चूक कुणाची हाय? तुजी कर."

मी रेघ मारली आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. त्यांच्या कागदात माझं नाव पहिल्यांदा आलं ते असं.

मग म्हणाले, खाली लिही. उतरल्यावर घोडे किती दिवस थांबले, त्यांनी काय खाल्लं, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

मी लिहिलं. लिहिताना कळलं की माझ्या चार ओळींपेक्षा ही एक जड आहे. माझ्या ओळी वाचून माणूस समाधानानं पुढे गेला असता. इथे तो थांबेल आणि त्या जनावरांचा विचार करेल. इतिहास म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. पण जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहायलाही शिकावं लागतं, आणि ते चौथीत शिकवत नाहीत. संध्याकाळी प्राध्यापकांना फोन करून सांगितलं, कागद नाही, ओळी माझ्या होत्या, खोडल्या. ते हळहळले. मी म्हटलं, हळहळू नका, नवी ओळ लिहून घ्या. आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, त्यांना सांगितली.