मावशीची ताटी

मला तिचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. ती आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी मावशी. मी त्याच शाळेतली विज्ञानाची शिक्षिका, एकोणीस वर्षांची नोकरी आणि फाईलभर प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं. कोणाचा हेवा करावा यालाही काही रीत असते. माझी तीही सुटली.

आमची शाळा उमरेड रोडवरच्या एका गावात आहे. मार्च संपत आला की दुपारी वर्गात बसवत नाही आणि सकाळच्या शाळेचा आदेश काही वेळेवर येत नाही. पंखा गरम हवाच खाली ढकलतो. त्या वर्षी मावशीने पाचवीच्या पश्चिमेकडच्या खिडकीत एक ताटी बसवली. मोडक्या बाकाची चौकट, दोन्ही बाजूंनी जाळी, मधे लोकांच्या जुन्या कूलरमधून निघालेली खस, झटकून मोकळी केलेली. वर पाण्याचा डबा आणि त्याला संत्र्याच्या बगीच्यातून टाकून दिलेल्या ठिबकच्या नळीचा तुकडा. पाणी खसवर झिरपायचं, खालच्या बादलीत जमायचं, बादली भरली की मुलं ते परत डब्यात ओतायची. वीज लागायची नाही. बाहेरची झळ त्या ओल्या खसमधून गार होऊन आत यायची. लग्नानंतर कितीतरी उन्हाळे मावशी नवऱ्यासोबत नागपुरात घरोघरी कूलरच्या ताट्या भरत फिरली होती. हाताला ते काम ठाऊक होतं.

बाष्पीभवनाने थंडावा कसा येतो, हे मी सातवीला दरवर्षी शिकवते. तीन रंगांच्या खडूंनी आकृती काढते. खटपट करून शाळेसाठी मिळवलेला सौर कुकर माझ्या कपाटात कुलपात आहे, मुलांनी खराब करू नये म्हणून. साहेब येणार असले की निघतो, पुसला जातो आणि परत आत जातो. आणि ही बाई कोणाच्या घरची जुनी खस आणून ताटी ठोकते, नि माझ्याच वर्गातली पोरं मला म्हणतात, "मॅडम, पाचवीच्या खोलीत बसू द्या नं. इथं लय गरम होऊन राहिलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बसा म्हटलं इथेच.

मग केंद्रप्रमुखांचा फोन आला. कमी खर्चातल्या उपायांचं तालुक्याला प्रदर्शन होतं आणि त्यासाठी त्यांना ताटी बघायची होती. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, सर, पाचवीतली ताटी अगदीच कशीतरी दिसते, मी सातवीत एक व्यवस्थित करते, शास्त्रीय. नागपूरहून नवी खस आणली, नवी जाळी आणली, चौकटीला हिरवा रंग दिला, बाजूला तक्ता टांगला. मावशी दारातून बघत होती. "मॅडम, भरून देऊ का खस?" मी म्हटलं, मावशी, तुम्ही खिचडीचं बघा.

केंद्रप्रमुख आले. धूळ येऊ नये, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून मी दार लावून घेतलं आणि बोलायला लागले. पाच मिनिटांत त्यांनी रुमाल काढला. मुलं वह्यांनी वारा घ्यायला लागली. मी डब्यात आणखी पाणी घातलं, तर खोली आणखीच कोंदली.

"मॅडम, चिपचिप होऊन राहिली नुसती," केंद्रप्रमुख म्हणाले.

तेवढ्यात मावशी आली. रोज यायची तशीच, आज किती ताटं मांडायची ते विचारायला. तिने खोलीकडे बघितलं, दार सताड उघडून त्याला वीट लावली, पलीकडची खिडकीही उघडली. खसमधून झुळूक सरळ आत आली. मुलांच्या तोंडून हुश्श निघालं.

"दार उघडं ठेवा लागते नं मॅडम, नाहीतर हवा येईन कुठून?" ती म्हणाली. "तुमच्या घरी एसी आहे आता. म्हनून इसरल्या तुम्ही."

नागपुरात जन्मले, वाढले. कूलर लावला की दार उघडं ठेवायचं, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. घरात एसी येऊन तीन उन्हाळे झाले आणि मी विसरले. मावशी हसली नाही. हसली असती तर मला रागावता तरी आलं असतं.

ताटी निवडली गेली. अर्जात दोनच रकाने होते, विद्यार्थी आणि मार्गदर्शक शिक्षक. खिचडी शिजवणाऱ्या बाईसाठी रकाना नव्हता. खरं तर खाली बरीच जागा कोरी होती, पण मी कोणाला विचारलं नाही. माझं नाव लिहिलं आणि सही केली.

प्रदर्शनात सातवीतली एक मुलगी ताटी समजावून सांगत होती, छान सांगत होती. दुसऱ्या शाळेचे एक सर थांबले. "हे कोणी शिकवलं गं तुला?"

"मावशीनं," ती म्हणाली.

त्यांनी माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला. "या का तुझ्या मावशी?"

तिने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "हो."

सर कौतुकाने मान हलवून पुढे गेले. मुलगी बादलीच्या कडेवरून नख फिरवत उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

आम्ही शाळेत परतलो तेव्हा मावशी थांबली होती. आमच्या वाट्याची खिचडी तिने झाकून ठेवली होती. "काय झालं वं पोरी?"

"मावशी, एका सरनं इचारलं कोनं शिकवलं म्हनून," मुलगी म्हणाली. "मी तुमचं नाव सांगितलं."

मावशीने पदराला हात पुसले. "माझं? तिथं?" असं म्हणून ती तोंडभर हसली, आणि त्याच आनंदात मला एक पळी जास्त वाढली.

मी मान खाली घालून जेवले. पर्समध्ये पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र होतं, माझ्या नावाचं. तरी मला तिच्या त्या हसण्याचा हेवा वाटला, आणि अजूनही वाटतो.