बरगे काढायचा शब्द

बी.ए.ची शेवटची परीक्षा देऊन मी कोल्हापूरहून गावी आलो तेव्हा मृग तोंडावर आला होता आणि बंधाऱ्याचे बरगे अजून आतच होते. एसटी पलीकडच्या तीरावर सोडायची. तिथून पंचगंगेवरच्या बंधाऱ्यावरून चालत यायचं. डोक्यावर पुस्तकांची पत्र्याची पेटी घेऊन मी चालत होतो. एका हाताला काठोकाठ भरलेलं, हिरवट, स्थिर पाणी आणि दुसऱ्या हाताला जवळजवळ उघडं पात्र. त्या दिवसांत एव्हाना दोन्हीकडं पाणी सारखं दिसायला हवं होतं. बंधारा जिथं संपतो तिथं काठाच्या मातीवर आमचं घर होतं, म्हणून माझं लक्ष आधी तिकडं गेलं.

बरगे म्हणजे जाड लाकडी फळ्या. आमच्या भागातल्या या बंधाऱ्यांना दरवाजे नसतात. दगडी खांबांना खोबणी ठेवलेल्या असतात. पाऊस सरला की त्यांत एकावर एक बरगे उतरवायचे, मधे माती ठोकून भरायची. नदी तुंबते आणि उन्हाळाभर उसाला पाणी मिळतं. मृगाच्या आधी ते सगळे काढून काठावर रचून ठेवायचे. काढले नाहीत तर पुराचं पाणी बंधाऱ्याला अडतं आणि वाट शोधत बाजूचा काठ खातं. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नव्या चेअरमनना तर चांगलंच माहीत होतं. तरुणपणी ते माझ्या वडिलांच्या शेजारी पाण्यात उभे राहून बरगे ओढायचे.

जेवताना मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, चेअरमननी अजून शब्द दिलेला नाही. एवढंच बोलून त्यांनी भाकरी मोडली. आई चुलीपुढं होती. तिनं मागं वळून भिंतीकडं पाहिलं, नदीच्या बाजूच्या.

चेअरमन म्हणजे गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे. बरगे घालायचे आणि काढायचे ते त्यांच्याच शब्दानं. आदल्या वर्षी जुन्या चेअरमननी नेमाप्रमाणं बरगे काढले आणि नेमका मृग कोरडा गेला. उसाची लावण करपली. पुढं संस्थेची निवडणूक आली. आत्ताचे चेअरमन चौकाचौकात एकच सांगत फिरले, मागच्यांनी तुमच्या तोंडचं पाणी सोडून दिलं, आम्ही थेंब सोडणार नाही. निवडून आले, पण ते भाषण काही संपलं नाही. मोटर जळाली, कारण मागच्यांनी भंगार घेतलं होतं. पाण्याची पाळी चुकली, कारण मागच्यांनी सवय लावून ठेवली होती. वर्तमानपत्रात मोठे पुढारी तेव्हा हेच बोलत असत, त्यामुळं चेअरमनना आपण काही वेगळं करतोय असं वाटतही नसेल. लोक टाळ्या वाजवायचे. बरगे ओढायचे लोखंडी आकडे घडवणारे आमच्या गल्लीतले चाचा म्हणायचे, "चेअरमनला ठेच लागली तरी धोंडा मागच्यांनीच टाकल्याला असतोय." सुट्टीत आलो की मीही या बोलण्यावर पोट धरून हसायचो.

आता मात्र त्या भाषणानं चेअरमनचेच हात बांधले होते. जुन्यांनी ज्या सुमाराला बरगे काढले त्याच सुमाराला आपणही काढले, तर मग जुन्यांचं चुकलं काय होतं, असं कुणीही विचारलं असतं.

वडील त्यांच्याकडं जाऊन आले. पुन्हा एकदा जाऊन आले. चेअरमननी चहा पाजला, माझ्या परीक्षेची चौकशी केली, आणि आभाळ बघून ठरवू म्हणाले. आमच्याकडं आभाळ निरभ्र होतं. चेअरमनना तेवढाच आधार होता.

मग एका सकाळी नदीचं पाणी तांबूस झालं. गावात ऊन पडलेलं होतं, अंगण कोरडं होतं, आणि हिरव्या पाण्यात वरून गढूळ पट्टे येत होते. पहिल्या एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं, गगनबावड्याकडं रात्रभर कोसळतोय, घाटात गाडी अडकलीय. वडिलांनी आत जाऊन माझी पुस्तकांची पेटी उचलली आणि वरच्या अंगाला शाळेच्या ओसरीत नेऊन ठेवली. ज्वारीचं पोतं नंतर नेलं. स्वतः सही करण्यापुरतंच शिकलेल्या माणसानं धान्याच्या आधी पुस्तकं उचलली, हे मी आजवर विसरलेलो नाही.

बंधाऱ्यावर माणसं जमली. चाचांनी आकडे आणून ठेवले, दोर आले. सगळे तयार होते आणि कुणी हात लावत नव्हतं. बरगे संस्थेचे होते. शब्दाशिवाय काढले आणि पाऊस पुन्हा दडी मारून बसला, तर वाळलेल्या उसाचा जाब काढणाऱ्याला विचारला गेला असता. आई ज्या पायरीवर धुणं धुवायची ती पायरी पाण्याखाली गेली होती. तिच्यावरची दुसरी ओली झाली होती.

चेअरमन आले. पाण्याकडं बघितलं आणि जुन्या चेअरमनना बोलवायला माणूस पाठवला. ते जैन शेतकरी, वयानं मोठे, गाव त्यांना अण्णा म्हणायचं. ते येईपर्यंत दुसरी पायरीही गेली.

"अण्णा, तुम्ही जुनं जाणतं मानूस," चेअरमन म्हणाले. "बरगं काढावंत असं तुमचंबी मत हाय न्हवं? तेवढं समद्यांम्होरं सांगा, म्हंजे झालं."

अण्णा काठी टेकून उभे राहिले. "माझं मत गावाला पाठ हाय की. वरीसभर तुम्हीच चौकात सांगितलंसा."

कुणीतरी मागं हसलं. चेअरमन हसले नाहीत. ते म्हणाले, ही भांडायची वेळ नाही. अण्णा म्हणाले, भांडत कोण आहे. "आज मी काढा म्हनायचं आनि उद्या पाऊस उघडला की पुन्हा माझंच नाव. शिक्का तुमच्याकडं हाय. शबूद तुम्ही द्या."

मग चेअरमननी बंधाऱ्याच्या बांधकामापासून सुरुवात केली. खांबांतलं अंतर कमी ठेवलं ते कुणाच्या काळात, काठाला दगड लावायचा राहिला तो कुणाच्या काळात. अण्णाही आता मागं राहिले नाहीत. निवडणुकीत पत्रकं कुणी काढली, सभा कुणी उधळली, सगळं निघालं. दोघं बोलत होते आणि आम्ही आकडे हातात धरून पायाखालच्या बंधाऱ्याची थरथर सोसत होतो. घराच्या बाजूला काठाच्या मातीत एक बारीक ओघळ घुसलेला मला दिसला. वडिलांनाही दिसला होता. पण जाणत्यांच्या बैठकीत आमच्या घरातलं कुणी कधी बोललेलं नव्हतं.

आई घरातून आली. डोक्यावर पदर होता आणि हात चुलीतल्या राखेनं भरलेले होते. बायका बंधाऱ्यावर पुरुषांच्या घोळक्यात येत नसत. ती दोघांच्या मधे येऊन उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली,

"भावजी, अण्णा, दोघांस्नीबी इचारते. आमचं घर कुनाच्या काळात गेलं म्हनून सांगू?"

वडील वाकले आणि त्यांनी आकडा पहिल्या बरग्याच्या कडीत अडकवला. मी दोर धरला. चाचा आले, आणखी माणसं आली. वरचे बरगे सुटले. एकेक बरगा वर आला की मागून पाणी फसफसत उडी घ्यायचं आणि पलीकडं कोसळायचं. खालचे मात्र पाण्याच्या रेट्यानं खोबणीत रुतून बसले होते. आठवडाभर आधी दोन माणसांनी उचलले असते ते बरगे आता दहा जणांना दाद देत नव्हते. माझ्या तळहातांची सालं निघाली. मागं कुणाचा तरी धापा टाकणारा श्वास येत होता. वळून पाहिलं तर धोतराचा काचा मारून चेअरमन दोर ओढत होते. शब्द त्यांनी तेव्हाही दिला नव्हता.

खांबांमधले काही गाळे मोकळे झाले, काही झाले नाहीत. दुपारी काठाचा तुकडा खचला. तो आवाज मोठा नव्हता. ओली माती बसते तसा, जड आणि आखूड. आमच्या घराची नदीकडची बाजू गेली. चुलीची खोली, मागची भिंत, गोठा. जनावरं आणि आम्ही आधीच वर होतो. पुढची खोली राहिली, एका बाजूनं उघडी. आईनं सकाळी चूल सारवलेली होती. ती बराच वेळ त्या उघड्या बाजूकडं बघत राहिली. रडली नाही.

पाणी ओसरल्यावर तालुक्याहून साहेब पाहणीला आले. चेअरमन त्यांच्याबरोबर चालत होते. खचलेल्या काठापाशी आल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "साहेब, त्याचं असं हाय, मागच्या मंडळानं..." आम्ही सगळे पुढचं वाक्य ओळखून होतो. साहेबांनी मात्र आईकडं वळून विचारलं, बाई, घर कधी गेलं?

तिला तारीख सांगता आली नसती आणि तिनं ती आठवायचा प्रयत्नही केला नाही.

"बरगं आत असताना गेलं," ती म्हणाली.

साहेबांनी चेअरमनकडं पाहिलं. अण्णा लांब उभे होते, तेही बघत होते. चेअरमननी नदीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "व्हय. आतच हुतं."

मागच्या मंडळाचं वाक्य तसंच राहिलं. माफी मात्र त्यांनी मागितली नाही.

त्याच महिन्यात माझा निकाल लागला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो. गावानं आम्हाला वरच्या अंगाला जागा दिली, भिंती उभ्या करायला माणसं आली, त्यांत चाचा होते, अण्णांचे मुलगे होते. माझी पेटी महिनाभर शाळेच्या ओसरीतच होती. पुढं त्याच शाळेत मी मास्तर झालो. त्या माणसांचं माझ्यावर किती ऋण आहे, हे मला कधी नीट मांडता आलं नाही.

दुसऱ्या वर्षी वैशाख सरताना मी बंधाऱ्यावर गेलो. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. उसाला पाणी हवं होतं. माणसं आकडे घेऊन उभी होती आणि कुरकुर चालू होती, एवढ्यात कशाला, पंधरा दिवस थांबू, लावण वाळली तर काय. एक तरुण शेतकरी मोठ्यानं म्हणाला की चेअरमननी निवडणुकीत काय सांगितलं होतं ते गाव विसरलेलं नाही. चेअरमन खांबाच्या खोबणीजवळ उकिडवे बसले होते. उठले नाहीत. कुणी काढायला सांगितलं म्हणून त्या तरुणानं पुन्हा विचारलं.

"मी सांगितलंय," चेअरमन म्हणाले. "काढा."

वडिलांनी आकडा अडकवला. बरगा पहिल्याच ओढीला वर आला.