लघवीचा तक्ता

आमचे हे टॉवर क्रेन चालवायचे. सकाळी शिडी चढून वर गेले की संध्याकाळीच खाली. वर संडास नाही, म्हणून पाणी प्यायचं नाही, हा एकतीस वर्षांचा नेम. सुट्टीच्या दिवशीही पेला पुढे केला की म्हणायचे, "मी काय झाड आहे?" सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

क्रेनच्या रोजच्या तपासणीचा एक कागद असायचा. दोर, ब्रेक, हूक. तो हे रविवारी घरी आणायचे आणि अख्ख्या आठवड्याचा माझ्याकडून भरून घ्यायचे, कारण यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी सगळीकडे 'ठीक' लिहायची. कधी काही झालं नाही.

यांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली, तेव्हा पोट न फाडता, जांघेतून नळी सरकवून ती आतून सावरली. चौथ्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, "काकू, रक्तवाहिनी दिसावी म्हणून जे औषध टोचलं, त्याचा मूत्रपिंडांवर ताण येतो. भरपूर पाणी द्या. लघवी मोजून रोज या तक्त्यात लिहा. कमी झाली तर लगेच फोन."

मोजायचं भांडं यांनी पहिल्याच दिवशी खाटेखाली सारलं. "आता बायको माझी मापं काढणार? एवढंच राहिलं होतं." मीही कंटाळले होते. रविवारी तक्ता घेऊन बसले.

"अहो, किती लिहू?"

"लिही दीड लिटर."

सगळे दिवस दीड लिटर लिहिलं. मध्ये एकदा सोळाशे, खरं वाटावं म्हणून. सोमवारी दवाखान्यातून नर्सचा फोन आला, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, मग रक्ततपासणीला पुढच्या आठवड्यात या."

गुरुवारी यांचे पाय सुजले, उलट्या थांबेनात. दवाखान्यात नेल्यानेल्या डायलिसिसवर घेतलं. तीन आठवडे झाले तरी मूत्रपिंडं पुन्हा चालू झाली नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता कायमचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. चार दिवस आधी कळलं असतं तर कदाचित वाचली असती. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं, ते तेवढं दिसलं.

भरतीच्या वेळी आमच्याकडून घेतलेला तक्ता डॉक्टरांनी फायलीतून काढून पुढे ठेवला. "हे कोणी लिहिलं?"

"मी," हे म्हणाले. "हिला यातलं काही माहीत नाही."

अक्षर सुबक, एका ओळीत, माझं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "हो. यांनीच लिहिलं."