इटलीमामांची खोडी

इटलीमामांनी सरळ कपडा शिवून दिला, तर खुशाल समजावं की मामांना ताप आहे. दुसऱ्या महायुद्धात फौजेचे शिंपी म्हणून ते इटलीपर्यंत जाऊन आले, म्हणून सगळी सांगली त्यांना इटलीमामा म्हणायची. सगळी म्हणजे आमची गल्ली. पण आम्हाला तीच सांगली.

त्यांची बायको, अक्का, खानावळ चालवायची. माधवनगरच्या गिरणीतले कामगार तिथे जेवायला येत. त्याच खोलीच्या कोपऱ्यात मामांचं मशीन होतं. आमचं घर शेजारी, त्यामुळे माझा निम्मा दिवस तिथेच जायचा.

मामा प्रत्येक कपड्यात एक खोडी ठेवत. हा शब्द त्यांचाच. हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या कोटाला त्यांनी वांग्याच्या आकाराचा खिसा लावला, चांगला देठासकट! शेठ तणतणत आले. मामांनी निमूट खिसा उसवला, डब्यात टाकला आणि मला म्हणाले, "एक तरी गिऱ्हाईक खोडी मागत यील, बघ." अक्का तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "तवर माझ्या भाकऱ्या हायत म्हणून बरं."

या खोडीचं मूळ मामा जेवताना सांगायचे, आमटीत बोट बुडवून ताटाच्या कडेला चित्र काढत. इटलीत एका मोठ्या दुकानाच्या काचेआड त्यांनी रेशमी झगा पाहिला होता. राणीनं घालावा असा. आणि त्याच्या घेराला कड कसली, तर अक्काच्या करंजीसारखी मुरडलेली.

"भर बाजारात हसाय लागलो गं पोरी," ते सांगायचे. "एवढा भारी झगा, आन् खोडी आमच्या कारभारणीची!" तेव्हापासून ते अक्कानं वाढलेलं ताटसुद्धा निरखून बघत. कोशिंबिरीवर तिनं मिरचीचं शेपूट खोचलं, की त्यांना हातातल्या कपड्याला काय करायचं ते सुचायचं.

माझं लग्न रहिमतपूरला ठरलं. तेव्हा कापडावर सरकारी कंट्रोल होता, मोजूनमापून मिळायचं. झंपरासाठी मोरपंखी तुकडा मिळाला तो एवढासा. बिघडला असता तर दुसरा कुठून आणायचा? त्यात सासू कडक असल्याचं कानावर आलेलं. आईनं धसकाच घेतला. तिनं मामांना अक्काच्या गरम भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, या झंपराला खोडी नाही म्हणून.

झंपर आला तो अगदी नाकासमोर चालणारा. लग्नात मी हमसून रडले. बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय पोरीचं. खरं सांगू? मी त्या झंपरासाठी रडत होते. मामांनी खरंच शपथ पाळली, याचं मला फार वाईट वाटलं.

सासरी कुणी वाईट नव्हतं, पण सासूबाई कामापुरतंच बोलायच्या आणि माझा जीव तिथे लागेना. एके दिवशी मी तो झंपर पहिल्यांदाच धुतला. रंग उडू नये म्हणून उलटा करून दोरीवर टाकला, तर आत, काखेखाली, लाल कापडाची इवलीशी करंजी! कडेला बारीक मुरड घातलेली. लग्नादिवशी बायकांनी तो घाईत अंगात चढवलेला, आईच्या डोळ्यांत पाणी. कुणाला दिसणार ती? मी अंगणात एकटीच खदाखदा हसत सुटले.

"काय झालं गं हसायला?" सासूबाई मागे उभ्या. माझं धाबं दणाणलं. झंपर दाखवला, मामांचं सगळं सांगितलं. त्यांनी त्या मुरडीवरून हळूच बोट फिरवलं.

"माझ्या चोळीला लावंल का त्यो?" त्या म्हणाल्या. "पर भाईरनं. दिसंल अशी."

दिवाळीला त्यांचा खण घेऊन माहेरी आले. आधी मामांना शपथेवरून छेडलं. ते म्हणाले, "शपथ भाईरची हुती." मग मी खण पुढे ठेवला आणि सासूबाईंचा निरोप सांगितला. मशीन थांबलं.

"मागितली?" त्यांनी विचारलं. "आपनहून?"

मी मान डोलावली. मामा उठले, चुलीपाशी गेले आणि तीच गोष्ट अक्काला त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितली. मग पुन्हा एकदा सांगितली. अक्का पिठाच्या हातानं डोळे पुसत होती.

मामांनी चोळी शिवून दिली, बाहेरून करंजी लावून. थंडी सरायच्या आत मामा गेले. ती चोळी सासूबाईंनी विरेपर्यंत वापरली. लग्नकार्यात त्या पदर मुद्दाम जरा सरकवायच्या, आणि कुणी विचारलंच तर ऐटीत सांगायच्या, "मागून घेतलीया म्या."